अकरा पानांचे फोटो

सायबर ठाण्यातून पहिल्यांदा फोन आला तेव्हा ह्यांनी तो कापला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही कापला. पोलीस असल्याचं सांगून लोकांना घाबरवतात आणि लुबाडतात, हे ब्रह्मा घाटावर तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. "आता माझ्या मागे लागलेत," असं म्हणून हे पाटावर बसले आणि जेवले. तासाभराने खरा शिपाई गल्लीत आला. घाम पुसत ओट्यावर बसला आणि म्हणाला, "दो बार फोन काट दिए आप, पंडितजी. अब हमको पैदल आना पड़ा."

मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं आणि दाराआडूनच पुढे केलं. परक्या माणसासमोर मला बोलता येत नाही. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली, तरी भाजीवाल्याशीसुद्धा मी बोटांनीच बोलते, असं जाऊबाई म्हणतात. माझं माहेर कोकणातलं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि पुढची खाडीपलीकडे, म्हणून मी चौथीवर थांबले. पण अक्षर चांगलं होतं आणि वाचायची आवड होती. त्यामुळे सासूबाईंनी मला वह्या वाचायला बसवलं.

आमच्याकडे यजमानांच्या वह्या आहेत. महाराष्ट्रातून काशीला आलेली माणसं आमच्या सासऱ्यांकडे, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे उतरायची. प्रत्येक घराचं एक पान. त्यावर गाव, गोत्र, आजा-पणजा, कोण कोणत्या तिथीला गेलं, सून कुणाच्या घरातली, मुलगी कुठे दिली. अलीकडे हे मोबाईलचा नंबरही लिहून घेतात. वर्षानुवर्षांची वेगवेगळी अक्षरं मला ओळखू येतात. ह्यांना आता बारीक दिसत नाही, आणि सकाळभर ते घाटावर असतात. म्हणून कुणी विचारायला आलं, किंवा फोन आला, तर वही मीच काढते.

त्या दिवशी हे शिपायाबरोबर ठाण्यात गेले आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत आले. चहा नको म्हणाले. मग जे झालं होतं ते त्यांनी सांगितलं.

साताऱ्याच्या एक आजी आमच्या जुन्या यजमान. त्यांना मुलगा नाही, एक मुलगी आहे. पती गेल्यापासून दर पितृपक्षात त्या ह्यांना फोन करायच्या आणि हे इथे त्यांच्या वतीने महालय श्राद्ध करायचे. यंदा त्यांचा फोन आला नव्हता. हे एकदोनदा म्हणालेही होते, "साताऱ्याचा फोन कसा नाही?" आम्हाला वाटलं, वय झालं, विसरल्या असतील. प्रत्यक्षात त्यांच्या फोनवर ह्यांचा फोटो लावलेल्या एका नवीन नंबरावरून निरोप आला होता. "नंबर बदलला आहे. तिथी जवळ आली. संकल्प करायचा आहे." समोरच्याने गोत्र बरोबर सांगितलं, पतींची तिथी सांगितली, सासऱ्यांचं नाव सांगितलं, आजींच्या माहेरचं आडनावसुद्धा सांगितलं. आजींनी दक्षिणा पाठवली. मग तो म्हणाला, आता संकल्पाचा एक नंबर फोनवर येईल, तो मला वाचून दाखवा. आजींनी तो वाचला आणि त्यांच्या पेन्शनचं खातं रिकामं झालं.

मुलीने तक्रार दिली. तिकडच्या पोलिसांनी इथल्या ठाण्याला कळवलं. तक्रारीत ह्यांचं नाव होतं, कारण ती सगळी माहिती जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, आमच्या वहीत.

"ठाण्यातल्या मॅडमनी मला कलमं वाचून दाखवली," हे म्हणाले. "दुसऱ्याची ओळख वापरली, तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याचं रूप घेऊन कॉम्प्युटरने फसवलं, तेही तीन वर्षांपर्यंत, शिवाय दंड. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात कॉम्प्युटर नाही. तर म्हणाल्या, पंडितजी, कायद्याला फोनही चालतो."

जाऊबाई वरच्या मजल्यावरून उतरून दारात उभ्या होत्या. "पण माहिती बाहेर गेली कशी?" त्यांनी विचारलं.

"तेच तर. वहीला माझ्याशिवाय कोण हात लावतो?" हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ही. पण ही तोंड उघडते का कुणासमोर?"

जाऊबाई हसल्या. मॅडमनी ह्यांना एक दिवस सोडून वह्या आणि घरातले सगळे फोन घेऊन यायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे गंगेवर गेल्यावर मी माझा फोन उघडला आणि त्यातले अकरा पानांचे फोटो एकेक करून पुसले.

आता ते फोटो कसे आले ते लिहिते.

श्रावणात एक फोन आला होता. एक माणूस, आवाजावरून चाळिशीचा. स्वच्छ मराठी बोलत होता. इथे घराबाहेर मराठी ऐकू येत नाही. मुलंसुद्धा आपसात हिंदीच बोलतात. त्यामुळे परक्या माणसाचं मराठी कानावर पडलं की मला बरं वाटतं. फोनवर समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, म्हणून मी फोनवर नीट बोलूही शकते. हे घरात कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

तो म्हणाला, "काकू, मी आमच्या घराची वंशावळ करतोय. तुमच्याकडे आमचं पान असेल ना?"

आमच्या घरचा नियम असा आहे की, पान यजमानाचं असतं, आपण फक्त सांभाळतो. समोरच्याने तीन पिढ्यांची नावं बरोबर सांगितली की पान उघडायचं आणि वाचून दाखवायचं. त्याला नाही म्हणायचं नाही. सासऱ्यांनी हे मला शिकवलं तेव्हा फोन नव्हते. माणूस समोर बसलेला असे, त्याच्याबरोबर बायको असे, म्हातारी आई असे.

त्याने तीन पिढ्या बरोबर सांगितल्या. मी पान वाचलं. तो मधे मधे "थांबा, लिहून घेतो" म्हणायचा. शेवटी म्हणाला, "काकू, फोटोच पाठवा ना. तुम्हाला त्रास नको."

मला फोटो पाठवता येत नव्हता. त्याने शिकवलं. "खाली कागदाच्या पिनेसारखं चिन्ह दिसतंय का? ते दाबा. आता कॅमेरा. हात हलवू नका." पहिला फोटो अर्धाच आला, त्यात माझा अंगठा होता. तो हसला नाही. म्हणाला, "परत काढू." दुसरा नीट गेला तेव्हा म्हणाला, "काकू, तुम्ही तर एका दिवसात शिकलात." घरात मला कुणी असं म्हणत नाही. हे वाईट बोलतात असं नाही, पण असं म्हणत नाहीत.

मग तो दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन करू लागला. आमच्या आत्याचं सासर अमुक गावचं, त्यांचंही पान असेल. तो तीन पिढ्या सांगायचा, त्या बरोबर असायच्या आणि मी फोटो पाठवायचे. असं आणखी दहा वेळा झालं. मधे तो माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. मंगला गौरीच्या देवळाला पायऱ्या किती आहेत, विचारायचा. मी सांगायचे. भाद्रपद लागला आणि त्याचा फोन येणं थांबलं. कामात असेल असं वाटलं. खरं सांगायचं तर मी एकदोनदा त्याची वाट पाहिली.

फोटो पुसून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. भात दोनदा लागला.

दुपारी हे माझ्यासमोर कागद घेऊन बसले. ह्यांचं अक्षर वाचवत नाही, म्हणून घरातले सगळे अर्ज मीच लिहिते. "लेखी देऊन टाकू," हे म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. हिंदीतच." आणि सांगायला लागले. मी अमुक, राहणार अमुक, तीर्थपुरोहिताचं काम करतो. तिथवर मी लिहिलं. मग ते म्हणाले, "आमच्या वह्या माझ्याच ताब्यात असतात. त्यांतलं कोणतंही पान मी किंवा माझ्या घरातल्या कुणीही बाहेरच्या माणसाला दाखवलेलं नाही."

मी पेन थांबवलं.

"लिही ना."

"हे नको लिहायला," मी म्हटलं.

"का?"

"खाली सही तुमची होणार."

"मग कुणाची होणार?"

मी म्हटलं, "मी दाखवलंय. अकरा पानं. फोटो काढून पाठवले."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग मी सगळं सांगितलं. श्रावणापासूनचं, त्याने कसं शिकवलं ते, आणि सकाळी फोटो पुसले तेही. हे मधे एकदाच बोलले. "तुला फोटो पाठवता येतात?" ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

जाऊबाईंना वरून ऐकू गेलं असावं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आमच्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाहीस, आणि त्या चोराशी गुडघेदुखीसुद्धा बोललीस?"

"वहिनी, राहू द्या," हे म्हणाले.

"राहू द्या काय? उद्या हिला आत टाकतील."

ह्यांनी कागद चार घड्या करून फाडला. तुकडे गोळा करून केरात टाकले. शेवटी म्हणाले, "मला वाटलं नव्हतं मी खोटं लिहून देईन. आज लिहून दिलं असतं. उद्या तूच चल."

ठाण्यात मी पहिल्यांदाच गेले. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला "अम्मा" म्हटलं आणि खुर्ची दिली. आधी मला बोलताच येईना. ह्यांनी सुरुवात करायचा प्रयत्न केला तर मॅडम म्हणाल्या, "पंडितजी, आप बाहर बैठिए." हे उठून गेले. मला वाटलं होतं की ह्यांच्याशिवाय मला एक शब्द सुचणार नाही. पण हे गेल्यावरच मला बोलता आलं.

मी तुटक्या हिंदीत सांगत गेले आणि मॅडम लिहून घेत होत्या. त्यांनी क्रम विचारला. पहिलं पान कुणाचं, दुसरं कुणाचं, तिसरं कुणाचं. मी वही उघडून बोट ठेवत सांगत होते आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की ह्या घरची मुलगी अमुक गावच्या अमुक घरात दिली. तिथे जावयाचं नाव होतं, त्याच्या वडिलांचं आणि आज्याचंही. दुसऱ्या वेळी त्याने मला ह्याच तीन पिढ्या सांगितल्या होत्या. दुसऱ्या पानावर सुनेचं माहेर होतं, तिथून तिसरं पान. मी प्रत्येक वेळी त्याला पुढच्या घराची किल्ली माझ्याच हाताने पाठवली होती, आणि पुढच्या वेळी तीच किल्ली त्याने दाखवल्यावर दार उघडलं होतं.

हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी लिहिणं थांबवलं. "और पहला?" त्यांनी विचारलं. पहिल्या तीन पिढ्या त्याला कुठून मिळाल्या?

मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, एखाद्या श्रद्धांजलीच्या निरोपातून मिळाल्या असतील. लोक हल्ली तिथे वडिलांचं, आज्याचं सगळं लिहितात.

मग मी फोटो पुसल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, पुरावा पुसणं हासुद्धा गुन्हा आहे, हे माहीत आहे का? मी मान हलवली. माहीत नव्हतं, पण बरोबर केलं नाही हे कळत होतं. त्यांनी माझा फोन मागितला, काहीतरी दाबलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. पुसलेले फोटो एका कप्प्यात तसेच होते. महिनाभर राहतात म्हणे. माझ्या अंगठ्याचा फोटोसुद्धा होता. त्याच्याशी झालेलं बोलणं मी पुसलेलंच नव्हतं, कारण ते कसं पुसायचं मला येत नव्हतं.

शेवटी मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "मला किती वर्षं होतील?"

मॅडमना आधी कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "किस बात की, अम्मा?" आणि त्यांनी समजावलं. कायद्यात कपटाने, अप्रामाणिकपणे असे शब्द आहेत. ज्याच्या मनात फसवायचं होतं त्याला शिक्षा. ज्याच्याकडून फसवून माहिती काढली तो साक्षीदार. फोटो पुसल्याचं मी जबाबात स्वतःहून सांगितलं आहे, ते तसंच लिहिलं जाईल, आणि पुन्हा असं करायचं नाही. मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं. ह्यांना आत बोलावून त्या म्हणाल्या की, तुमचं नाव आता संशयितात नाही, पण कोर्टाने बोलावलं तर दोघांना यावं लागेल.

तो माणूस फाल्गुनात तिकडेच पकडला गेला, आणखी दोघांबरोबर. त्यांनी दुसऱ्या तीर्थक्षेत्रांतल्या पुरोहितांच्या घरीही असंच केलं होतं. दोषारोपपत्र दाखल झालं आहे, खटला अजून उभा राहिलेला नाही. मला बोलावणं आलं की मी जाईन. त्याचा आवाज ओळखायचा आहे.

पण हे सगळं नंतरचं. ठाण्यातून परत आल्यावर दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. अकरा घरांचे नंबर होते, ह्यांच्या अक्षरात.

"ह्यांना सगळ्यांना कळवायला हवं," हे म्हणाले. "तुमचं पान बाहेर गेलंय, सावध राहा म्हणून."

"तुम्ही करा ना," मी म्हटलं. "मला लाज वाटते."

"मी करेन. पण ते विचारतील कसं गेलं. मी काय सांगू? बायकोने दिलं? तू सांग. तू जास्त चांगलं सांगशील."

हे टोमणा मारत होते की खरंच म्हणत होते ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

मी पाच दिवस फोन करत होते. रोज दोन, एका दिवशी तीन. एका घराने ऐकून घेतलं आणि आभार मानले. एका घरच्या सुनेने विचारलं, "तुम्ही खऱ्या कशावरून?" आणि फोन ठेवला. मला तिचं बरोबर वाटलं. एका गृहस्थांनी आमचं पान फाडून टाका म्हणून सांगितलं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, फाडणार नाही, पण त्यावर लिहून ठेव की मालकाच्या इच्छेने हे पान कुणालाही वाचून दाखवायचं नाही. मी तसं लिहिलं.

साताऱ्याच्या आजींचा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. फोन त्यांच्या मुलीने उचलला आणि मला खूप बोलली. मी ऐकून घेतलं. मग मागून आवाज आला, "दे इकडे." आजी फोनवर आल्या.

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैशांचं ही बघतेय. मला एकच सांग. तो म्हणाला होता, श्राद्ध झालं. मी दुपारपर्यंत उपाशी होते. त्याचा निरोप आल्यावर जेवले. ते झालंच नाही का?"

मला खोटं सांगता आलं असतं. म्हातारं माणूस, बरं वाटलं असतं.

"नाही झालं," मी म्हटलं.

मी फोनवर हात धरून ह्यांना जवळ बोलावलं आणि हळू विचारलं. हे म्हणाले, सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत महालय करता येतो, अजून वीस दिवस आहेत. मी आजींना सांगितलं. दक्षिणा नको, असंही सांगितलं.

"करा," आजी म्हणाल्या. "पण मला कळणार कसं? गुरुजींचा फोटो तो लावतो. गोत्र, तिथी सगळं त्याच्याकडे आहे. उद्या तो परत म्हणेल झालं."

मग त्यांनीच विचार केला आणि म्हणाल्या, "फोन तूच कर. मी तुला काहीतरी विचारीन."

त्यानंतर पाचव्या दिवशी हे घाटावर महालय करून आले. मी पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच फोन लावला.

आजींनी विचारलं, "आम्ही दोघं तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर कशी गेले होते?"

हे कुठल्याही पानावर नव्हतं. मी डोळे मिटले. त्या वर्षी थंडी होती. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि त्या कुणाला न सांगता कोपऱ्यातली चप्पल घालून निघाल्या होत्या.

"माझी चप्पल घालून," मी म्हटलं. "तुम्हाला मोठी होत होती. पायरीवर एकदा निसटली, तेव्हा आजोबांनी खाली जाऊन ती आणली."

"दोन पायऱ्या खाली गेली होती," आजी म्हणाल्या. "ओरडले होते मला." मग म्हणाल्या, "बोल."

"आज सकाळी झालं, आजी. नऊ वाजून गेल्यावर सुरू केलं. आत्ताच हे घरी आलेत."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी पान वाढून घेते."